भाग ३४: वर्ग, वॉर्ड आणि मधला माणूस (फिजिशियन असिस्टंटच्या शिक्षणाची गोष्ट)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क नेमकं बोगद्यात जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना माझ्या तोंडून दर दुसऱ्या वाक्याला निघणारे 'ॲक्चुअली' काढलेत. बाकी जसं बोललो तसंच.

आज सुरुवात माझ्या डाव्या हातापासून करतो. मी सध्या कामानिमित्त अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी नावाच्या गावात राहतो. गेल्या दिवाळीत घरची आठवण आली म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या करायचा घाट घातला. नारळ फोडला, खोबरं करवंटीतून सुटेना म्हणून सुरी घातली, सुरी सटकली ती थेट तळव्यात. रूममेटने हाताला टॉवेल गुंडाळला आणि मला जवळच्या अर्जंट केअर क्लिनिकमध्ये नेलं.

तिथे तिशीतली एक बाई आली. तिने जखम धुतली. टाके घालायच्या आधी तिने मला एकेक बोट वेगवेगळं वाकवायला लावलं. मग डोळे मिटायला सांगितले आणि बोटांच्या टोकांना हलकेच हात लावून विचारत राहिली, "कळतंय का? आता? आता?" मी म्हटलं, कापलंय तळव्याला, मग बोटं कशाला तपासताय? ती म्हणाली, आत नस किंवा स्नायूबंध तुटला असेल तर ते बोटात कळतं. आणि एकदा भूल दिली की तपासायची सोय राहत नाही. मग भूल, पाच टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. निघताना मी म्हटलं, "थँक यू, डॉक्टर." तर हसून म्हणाली, "मी डॉक्टर नाही. पीए आहे."

आता पीए म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? सफारी घातलेला, हातात दोन मोबाइल, साहेबांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणारा आमदारांचा पीए! पण हा पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. पेशंटची हकिगत घेणारा, तपासणारा, निदानापर्यंत जाणारा, औषधं लिहिणारा, टाके घालणारा. पण डॉक्टरांच्या सोबतीने आणि देखरेखीखाली काम करणारा.

रात्री हा किस्सा सांगायला आतेबहिणीला फोन केला. ती महाराष्ट्रातल्याच एका कॉलेजात शिकते. तिचं 'काहीतरी मेडिकलचं' चालू आहे एवढंच मला माहीत होतं. ती म्हणाली, "दादा, अरे मी तेच शिकतेय! बीएस्सी फिजिशियन असिस्टंट. तिसरं वर्ष आहे माझं. तू एकदा तरी विचारलंस का?" मी गप्प. मागून आत्याचा आवाज आला, "विचार त्याला, एवढी फी भरून शेवटी असिस्टंटच म्हणायचं ना?"

त्यावर बहिणीने जे सांगितलं त्यातून हा भाग निघाला. ती म्हणाली, "वर्गात सगळं शिकवतात रे. ॲनाटॉमी, फार्मा, सगळं. पण वॉर्डात पोस्टिंगला गेलं की फाईल धर, रिपोर्ट आण, एक्स-रे कुठे आहे बघ. आठ तास उभी असते, पण मी काय करतेय ते बघणारं कोणी नसतं. कधी वाटतं, मी शिकतेय की नुसती राबतेय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आणि गंमत म्हणजे हे शिक्षण जगात जिथे पहिल्यांदा उभं राहिलं, ते ड्यूक विद्यापीठ डरहॅममध्ये आहे. माझ्या घरापासून गाडीने जेमतेम अर्धा तास. मग वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की बहिणीचा प्रश्न नवीन नाही. या सगळ्या इतिहासाच्या मुळाशीच तो आहे.

डिग्री नसलेला बडी

कोर्सच्या आधी एक माणूस होता. नॉर्थ कॅरोलायनातच गार्लंड नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे डॉ. एमॉस जॉन्सन प्रॅक्टिस करायचे. १९४०च्या सुमारास त्यांनी हेन्री ली ट्रेडवेल नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला मदतीला घेतलं. लोक त्याला बडी म्हणायचे. डॉक्टरांनी त्याला एकेक काम शिकवत नेलं. तपासण्या, ड्रेसिंग, पेशंटची विचारपूस. वर्षं गेली तसा बडी इतका तयार झाला की डॉक्टर बाहेरगावी गेले तरी दवाखाना चालू राहायचा.

आणि हे डॉक्टर साधेसुधे नव्हते. पुढे ते अमेरिकेतल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांना सारखं मीटिंगांना जायला जमायचं, याचं एक कारण बडी होता. बाकीच्या खेड्यांतले डॉक्टर दवाखाना सोडून दोन दिवस नवीन काही शिकायलाही जाऊ शकत नव्हते.

आता काळ लक्षात घ्या. वर्णभेदाचे कायदे असलेला दक्षिण भाग. ड्यूकच्या मेडिकल स्कूलने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला तो १९६३ मध्ये. म्हणजे बडीच्या तरुणपणी त्याला त्या इमारतीत विद्यार्थी म्हणून बसताच आलं नसतं. त्याच्याकडे हात होते, डोकं होतं, आणि रोज त्याचं काम बघणारा गुरू होता. नव्हता तो फक्त कागद. त्यामुळे गार्लंडच्या बाहेर तो कुणीच नव्हता. त्याचं सगळं ज्ञान एका डॉक्टरच्या शब्दावर उभं होतं. तो डॉक्टर उद्या नसला तर? ही पहिली अडचण.

इंगल्स बाईंचा न झालेला कोर्स

ड्यूकमध्ये त्या वेळी मेडिसिन विभागाचे प्रमुख होते डॉ. यूजीन स्टेड. १९४७ पासून १९६७ पर्यंत त्यांनी हा विभाग चालवला. कडक माणूस. त्यांचं म्हणणं, शिकायचं ते पेशंटच्या खाटेपाशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेडिकलचे कोर्स दाटीवाटीने तीन वर्षांत उरकले जायचे, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. माणसाला कामाच्या जागी ठेवलं, नीट बघितलं, तर तो आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा लवकर तयार होतो, असं त्यांचं मत झालं होतं.

आता तुम्हाला वाटेल की स्टेड सरांना लगेच सैनिक आठवले. तसं नाही झालं. त्यांनी आधी नर्सेसचाच विचार केला होता. ड्यूकच्या नर्सिंग विभागात थेल्मा इंगल्स नावाच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी स्वतः आधी मेडिकलच्या विद्यार्थ्यांसारखं वॉर्डात राहून शिकून पाहिलं. मग १९५७ मध्ये स्टेड आणि इंगल्स यांनी मिळून अनुभवी नर्सेससाठी पुढचा कोर्स सुरू केला. रोग समजून घेणं, पेशंटबद्दल निर्णय घेणं, डॉक्टरांबरोबर खांद्याला खांदा लावून काम करणं, असा त्याचा रोख होता.

कोर्स चांगला चालला. पण नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या 'नॅशनल लीग फॉर नर्सिंग' या संस्थेने त्याला मान्यता नाकारली. डॉक्टरांची समजली जाणारी कामं नर्सला शिकवायची, तीही डॉक्टरांनी, हे त्यांना पटलं नाही. त्यांचीही बाजू होती. नर्सिंग हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा करायला त्यांनी अनेक वर्षं झगडा दिला होता. आपली माणसं पुन्हा डॉक्टरांच्या हाताखाली जातील ही भीती खोटी नव्हती. पण परिणाम असा झाला, की वर्ग होता, वॉर्ड होता, बघणारी माणसंही होती, आणि तरी कोर्स कागदावर अडला. ही दुसरी अडचण.

याच इंगल्स बाईंच्या कल्पनेसारखं काही पुढे वेगळ्या वाटेने आलंच. १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

पाणबुडीतलं ऑपरेशन

आता तिसरी अडचण, आणि सगळ्यात थरारक किस्सा. सप्टेंबर १९४२. अमेरिकन नौदलाची 'सीड्रॅगन' ही पाणबुडी शत्रूच्या पाण्यात. डॅरेल रेक्टर नावाच्या तरुण खलाशाच्या पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स. पाणबुडीवर डॉक्टर नाही. होता तो व्हीलर लाइप्स नावाचा विशीतला फार्मासिस्ट्स मेट. त्या काळात नौदलातल्या वैद्यकीय सेवकांना असं म्हणायचे, पुढे त्यांना कोअरमन म्हणू लागले. त्याने ऑपरेशनं जवळून पाहिली होती, पण स्वतः एकही केलं नव्हतं.

जेवणाचं टेबल झालं ऑपरेशन टेबल. जखम उघडी धरायला वाकवलेले चमचे. ईथर द्यायला चहाची गाळणी. निर्जंतुक करायला टॉर्पेडोतलं अल्कोहोल. अडीचेक तास लागले, आणि रेक्टर वाचला! जॉर्ज वेलर नावाच्या पत्रकाराने ही गोष्ट लिहिली आणि त्यासाठी त्याला १९४३ चं पुलित्झर मिळालं. नौदलातल्या वरिष्ठ डॉक्टरांना मात्र हा प्रकार फारसा रुचला नाही. उद्या प्रत्येक जहाजावरचा पोरगा सुरी घेऊन उभा राहिला तर?

किस्सा ऐकताना आपण टाळ्या वाजवतो. पण त्या वरिष्ठांची काळजी नीट ऐका. त्या पोराकडे धाडस होतं, हात होता. पण चुकलास तर कुठे चुकलास हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. एकदा जमलं म्हणजे दर वेळी जमेल असं नाही. सैन्यातले हे वैद्यकीय सेवक गोळी लागलेल्या माणसाला सांभाळायचे, महिनोन् महिने जहाजावर एकटे दवाखाना चालवायचे. आणि सुटून घरी आले की? नागरी जगात त्यांना त्या अनुभवाला साजेसं काम नव्हतं. ज्याने समुद्रावर जीव वाचवले, तो गावात आल्यावर फार तर हॉस्पिटलात ऑर्डर्ली. कारण पुन्हा तेच, त्याचं ज्ञान मोजायला पट्टीच नव्हती.

१९६५: चार जणांचा वर्ग

आता हे तीन धागे एकत्र करा. १९६१ मध्ये डॉ. चार्ल्स हडसन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये डॉक्टरांना नव्या प्रकारचे मदतनीस हवेत असं मांडलं होतं. खेड्यांत डॉक्टर मिळत नव्हते. गार्लंडचा बडी सगळ्यांना ठाऊक होता. इंगल्स बाईंचा कोर्स अडला होता. आणि नौदलातून सुटलेली, शिकायची भूक असलेली माणसं समोर होती.

१९६५ मध्ये स्टेड सरांनी ड्यूकमध्ये चार माजी नौदल कोअरमन घेऊन दोन वर्षांचा कोर्स सुरू केला. चार विद्यार्थी! आपल्याकडच्या क्लासच्या एका बाकावर एवढे बसतात.

आधी वर्ग: शरीररचना, शरीराचं काम कसं चालतं, औषधं, प्रयोगशाळेतल्या तपासण्या, पेशंटची हकिगत आणि तपासणी. मग वॉर्ड आणि क्लिनिक: एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहायचं आणि डॉक्टरांच्या सोबत पेशंट बघायचे. यात एक मेख होती. या मुलांना 'काय करायचं' हे माहीत होतं, 'का' हे माहीत नव्हतं. मेडिकलच्या नेहमीच्या विद्यार्थ्याचं उलट असतं. त्याला दोन वर्षं 'का' शिकवतात आणि मग हात थरथरतात. म्हणजे इथे वर्गाने नवीन काही दिलं असं नाही, त्याने हातातल्या कामाला अर्थ दिला.

६ ऑक्टोबर १९६७ ला केनेथ फेरेल, व्हिक्टर जर्मिनो आणि रिचर्ड शीली हे तिघे पहिले पदवीधर झाले. ६ ऑक्टोबर हा स्टेड सरांचा वाढदिवस. आजही अमेरिकेत त्या दिवसापासून पीए सप्ताह साजरा होतो.

सगळं गोड झालं का? छे! १९६६ मध्ये 'लुक' मासिकात या कोर्सवर लेख आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, नर्सपेक्षा जास्त पण डॉक्टरपेक्षा कमी. नर्सेस संतापल्या, आणि त्यांचा राग मला कळतो. ज्या कामासाठी नर्सेसचा कोर्स मान्यतेवाचून अडला, त्याच कामाला आता माजी सैनिक आले, सगळे पुरुष, आणि वर त्यांना 'जास्त' म्हणायचं!

दार हळूहळू उघडलं. १९६८ मध्ये प्रेंटिस हॅरिसन हे ड्यूकमधून बाहेर पडलेले पहिले कृष्णवर्णीय पीए ठरले. १९७० मध्ये जॉइस निकोल्स या पहिल्या महिला पीए झाल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि आधी नर्सिंगचंच काम करत होत्या. आज अमेरिकेतल्या पीएंमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत.

मधला माणूस

इथे मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट येते. १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी 'मेडेक्स' नावाने दुसरा नमुना उभा केला. स्मिथ स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर. नायजेरियात काम केलेले, आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधला वर्णभेद मोडायच्या सरकारी मोहिमेतही पुढे असलेले. पहिल्या बॅचला १५ माजी वैद्यकीय सैनिक. त्यांनी वर्ग ठेवला फक्त तीन महिन्यांचा. पुढचं वर्षभर विद्यार्थी खेड्यातल्या एका डॉक्टरच्या हाताखाली. ज्या डॉक्टरला मदतनीस हवा आहे, त्यानेच त्याला घडवायचं.

ड्यूकमध्ये वर्ग मोठा, मेडेक्समध्ये लहान. पण दोन्हींत एक माणूस कायम आहे, प्रीसेप्टर. म्हणजे शेजारी उभा राहून शिकवणारा. तो नेमकं करतो काय?

समजा विद्यार्थिनीने पेशंट पाहिला. ती बाहेर येते आणि दोन-तीन मिनिटांत केस मांडते: कोण आहे, काय त्रास, कधीपासून, तपासणीत काय सापडलं, मला काय वाटतं, पुढे काय करावं. प्रीसेप्टर ऐकतो आणि एखादाच प्रश्न टाकतो: "हे नसेल कशावरून?" उत्तर नसेल तर विद्यार्थिनी परत आत जाते, विचारते, पुन्हा बाहेर येते. मग प्रीसेप्टर स्वतः पेशंट बघतो. सुरुवातीला प्रत्येक पेशंट पुन्हा बघतो. काही आठवड्यांनी, साधा खोकला असेल तर ऐकून पुढे जातो. दोरी हळूहळू सैल होते, पण हातातून सुटत नाही.

आमच्या आयटीत नवीन आलेल्या मुलाचा कोड सिनियरने बघितल्याशिवाय लाइव्ह जात नाही. तेच हे. फरक एवढाच, की आमची चूक परत घेता येते.

हा मधला पूल मजबूत करायला त्याच सुमारास बरीच साधनं आली. ती मुळात डॉक्टरांच्या शिक्षणासाठी होती, पीए कॉलेजांनीही उचलली. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात हॉवर्ड बॅरोज यांनी पेशंटचं सोंग घेणारी माणसं शिकवायला वापरली. म्हणजे चुकायचंच असेल तर आधी नटासमोर चुका! १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी केसपेपर कसा लिहावा याची शिस्त मांडली: पेशंट काय सांगतो, आपल्याला काय दिसतं, आपला अंदाज काय, पुढचा बेत काय. यामुळे विद्यार्थ्याचा विचार कागदावर दिसू लागला आणि तो तपासता येऊ लागला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी एक परीक्षा आणली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटं, एक काम, आणि समोर यादी घेऊन बसलेला परीक्षक. त्यात पाठांतर चालत नाही, हाताने करून दाखवावं लागतं.

१९७३ मध्ये पीएंसाठी पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. बडीकडे जी पट्टी नव्हती ती आता मिळाली. तरी कायद्याचा रस्ता लांब होता. एकेक राज्य करत करत, पीएंना काम करू देणारं शेवटचं राज्य मिसिसिपी ठरलं, तेही २००० साली.

आज अमेरिकेत पीए होण्यासाठी आधी पदवी लागते, आणि मग साधारण सव्वादोन वर्षांचं मास्टर्स. अंदाजे अर्धा काळ वर्ग. उरलेला काळ क्लिनिक: फॅमिली मेडिसिन, मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, इमर्जन्सी, मानसोपचार असे सगळे विभाग फिरायचे. पेशंटसोबतचे तास बहुतेक ठिकाणी दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतात. माझी बोटं तपासणारी ती बाई याच रस्त्याने आली असणार. एकदा कधीतरी ती थेट भुलीच्या इंजेक्शनकडे वळली असेल आणि शेजारच्या कोणीतरी विचारलं असेल, "बोटं बघितलीस का?"

नावात काय आहे? बरंच आहे

आत्याचा प्रश्न राहिला, शेवटी असिस्टंटच ना?

गंमत बघा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पीएंच्या संघटनेने ठरवलं, आम्हाला फिजिशियन असोसिएट म्हणा. 'असिस्टंट' शब्दाने आमचं काम कळत नाही. आणि ब्रिटनमध्ये नेमकं उलट. तिथे आधीपासून असोसिएटच म्हणत होते. पण अनेक पेशंटना आपण डॉक्टरलाच भेटलो असं वाटत राहायचं. काही वेळा निदान चुकलं, जीव गेले, देशभर वाद पेटला. सरकारने प्रा. जिलियन लेंग यांना तपासणी करायला सांगितलं. जुलै २०२५ च्या त्यांच्या अहवालाने सुचवलं, नाव पुन्हा असिस्टंट करा. आणि ज्यांचं निदानच झालेलं नाही अशा पेशंटना, ठरवून दिलेल्या मर्यादित परिस्थिती सोडून, यांनी पाहू नये.

दोन देश, एकच व्यवसाय, दोन उलट्या दिशा. मला यातून एवढंच दिसतं, की नाव मोठं करून विश्वास मिळत नाही आणि लहान करून धोका टळत नाही. पेशंटला समोर कोण आहे हे कळलं पाहिजे, आणि त्या माणसाच्या मागे खरोखर कोणीतरी बघत असलं पाहिजे. त्या क्लिनिकमधल्या बाईने मी न विचारता सांगितलं, "मी डॉक्टर नाही." तेव्हाच माझा तिच्यावरचा विश्वास वाढला होता, खरं सांगतो.

भारतात हा कोर्स १९९२ मध्ये आला. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी तो सुरू केला. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यक्षेत्रातल्या डॉक्टर-नर्स सोडून इतर व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिशियन असोसिएट हा गट आहे. म्हणजे कागद यायला लागला. वर्ग तर आहेच, वॉर्डही आहे. मग माझ्या बहिणीला कशाची उणीव भासत होती? मधल्या माणसाची. वॉर्डात आठ तास उभं राहणं म्हणजे क्लिनिकल शिक्षण नव्हे. तुम्ही काय केलंत हे कोणी बघितलं, विचारलं, सुधारलं, तर ते शिक्षण. नाहीतर ती फुकटची मजुरी.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. म्हणाली, "इतिहास छान आहे दादा, पण मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मुलगी माझ्यापेक्षा हुशार निघाली. पुढच्या आठवड्यात तिने वॉर्डातल्या एका रेसिडेंट मॅडमना धरलं. म्हणाली, "मॅडम, रोज एका पेशंटची हिस्टरी मी घेऊन तुम्हाला सांगू का? फाईली मी आणीनच. फक्त पाच मिनिटं ऐका आणि चुकलं तर सांगा." मॅडम दमलेल्या होत्या, पण हो म्हणाल्या.

पहिला पेशंट, धाप लागणाऱ्या एक आजी. बहिणीने सगळं विचारलं, ओळीने मांडलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न केला, "झोपताना उशा किती घेतात?" तिने विचारलंच नव्हतं. परत गेली, विचारलं. आजी म्हणाल्या, "तीन गं बाई. सपाट झोपलं की जीव घाबरा होतो." हृदय कमजोर असेल तर आडवं झाल्यावर फुफ्फुसात पाणी साठतं, म्हणून माणूस उशा वाढवत जातो. पुस्तकात ही ओळ होती. बहिणीने ती परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

मला फोन करून म्हणाली, "दादा, आता आयुष्यात कधी उशा विचारायला विसरणार नाही." मागून आत्याने विचारलं, "कसल्या उशा?" तर हिने आत्यालाच समोर बसवलं आणि हिस्टरी घ्यायला सुरुवात केली.

गार्लंडच्या दवाखान्यात बडी ट्रेडवेलला जे मिळालं होतं, ते हेच असणार.

आज इथेच थांबतो. तुमच्यापैकी कोणी पीए, नर्सिंग, फिजिओ, लॅब टेक्निशियन असं काही शिकत असेल, तर मला जरूर लिहा: तुमच्या वॉर्डात तुमचं काम कोण बघतं? आणि तुम्ही स्वतः कुठे सिनियर असाल, तर उद्या एखाद्या ज्युनियरला पाच मिनिटं द्या. एकच प्रश्न विचारा, पुरतो.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, नारळ खवणीवरच खवा. सुरी घालू नका!